साफ केलेला चेहरा

बँकेच्या रांगेत उभं राहणं मला जमत नाही. एकूणच एका जागी उभं राहणं जमत नाही. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे आणि तोंडाला लगाम नाही. तर त्या दिवशी रांग हलत नव्हती, काउंटरवरची बाई सर्व्हर डाऊन म्हणून हात वर करून बसली होती, आणि मी मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत असताना पुढच्या माणसाच्या हातावर नजर गेली. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, एक म्हातारी माझ्याकडे बघत होती. दात पडलेले, गाल आत गेलेले, डाव्या पापणीवर किंचित सूज. मी चक्क त्याचा हात धरला. तो दचकला, आधी त्यानं खिसा चाचपला. म्हटलं, अहो चोर नाही मी, हे कुणी काढलं तेवढं सांगा.

आजी होती त्याची. टॅटू काढणारी कॉलेज रोडला असते म्हणाला, कपड्यांच्या एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. माझ्यापुढे चारच माणसं राहिली होती. मी रांग सोडली आणि रिक्षा केली.

हे वेड का, ते सांगायला हवं. माझं सगळं तरुणपण रविवार कारंज्याजवळच्या एका फोटो स्टुडिओत गेलं. फोटो काढण्यात नाही, काढलेले फोटो नीट करण्यात. लोक गेलेल्या माणसाचा एखादा छोटा फोटो घेऊन यायचे, जत्रेत काढलेला, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला, आणि म्हणायचे, भिंतीवर लावायला मोठा करून द्या. फोटो मोठा केला की त्यातले दोषही मोठे व्हायचे. मग तो कागद माझ्या टेबलावर. जिथं पांढरं पडलंय तिथं बारीक ब्रशनं काळं भरायचं, जिथं नको तिथं काळं आलंय तिथं ब्लेडच्या टोकानं कागदावरचा थर खरवडायचा. जेवढं काळं तेवढंच, केसाएवढंही जास्त नाही. देवीचे व्रण, चट्टे, डाग, सगळं जायचं. लोक फोटो बघून रडायचे, अगदी समोर बसल्यासारखा वाटतो म्हणायचे, आणि माझी कॉलर ताठ व्हायची. पुढे कॉम्प्युटर आले आणि माझं ब्लेड गंजलं. पण हुबेहूब उतरलेला चेहरा दिसला की अजूनही माझं डोकं ठिकाणावर राहत नाही.

सगळीकडे जातो मी. गणपतीच्या आधी मूर्तिकारांच्या शेडमध्ये, कुणी पुतळ्याचं मातीकाम करत असेल तर तिथं. रविवारी सकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गावच्या नदीच्या घाटावर, चित्रकार बसतात, त्यांच्या मागे जाऊन उभा राहतो. घाट सुरेख, कळस सुरेख, पाण्यातली सावली तर विचारू नका, पण माणसं म्हणजे ब्रशचे दोन फटकारे. एकाला मी विचारलं, या बाईला नाक का नाही हो? तो म्हणाला, काका, लांबून दिसत नाही. मी म्हटलं, मग उठून जवळ जा. तेव्हापासून तो मला बघितलं की सामान आवरायला लागतो.

कॉलेज रोडच्या त्या मुलीनं मात्र मला हाकललं नाही. असेल तिशीची, केस मुलासारखे कापलेले, काम करताना तोंडावर मास्क. पहिल्या दिवशी तिला वाटलं, मी कुणाचा तरी बाप आहे आणि पोरीला ओढून न्यायला आलोय. मी म्हटलं, मला फक्त बघायचंय. तिनं पायानंच एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. त्याला आता आठ महिने झाले.

काय हात आहे तिचा! डाव्या हातानं कातडी ताणायची, उजव्या हातात ते घूं घूं करणारं मशीन, थोडं काढायचं, पुसायचं, फोटोकडे बघायचं, पुन्हा थोडं. पांढरा रंग ती जवळजवळ वापरतच नाही. जिथं उजेड हवा तिथं कातडी तशीच कोरी सोडते. आम्हीही तेच करायचो, आमचा उजेड म्हणजे कोरा कागद. पण आमच्या कागदाला घाम फुटत नव्हता, तो श्वास घेत नव्हता, आणि मुख्य म्हणजे आमच्या हातात ब्लेड होतं. हिचं एकदा चुकलं की चुकलं. तरी तिचा हात थरथरत नाही. मला हेवा वाटतो, स्पष्टच सांगतो. घरी आलो की रात्री जेवताना मी ताटात बोटानं शेडिंग करत बसतो आणि बोलणी खातो.

एकाच गोष्टीवरून आमचं वाजायचं. ती काही म्हणजे काही साफ करत नाही. गालावरचा मस, कापल्याची खूण, तिरळा डोळा, सगळं जसंच्या तसं. गिऱ्हाईकानं गळ घातली तरी नाही. मी म्हणायचो, अगं, मेलेल्या माणसाला जरा बरं दाखवलं तर तुझं काय जातं? ती म्हणायची, काका, मग ते माणूस दुसरंच होतं. मी म्हणायचो, तू अजून लहान आहेस.

एका मंगळवारी चाळिशीचा एक माणूस आला. मूळचा हरसूलकडच्या आदिवासी पाड्यावरचा, ओझरजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये फिटर. टॉवेलात गुंडाळलेली मोठी फ्रेम त्यानं मांडीवर घेतली आणि एकेक पदर हळूहळू उलगडला. आत त्याच्या आईचा फोटो. तो दीड वर्षाचा असताना ती तापानं गेली. घरात तिचा हाच एक फोटो, ज्यावरून हा मोठा केला तो छोटा फोटो कधीच भिजून गेला होता. त्याला ती छातीवर हवी होती, डाव्या बाजूला, अशीच्या अशी.

मुलगी म्हणाली, काय सुंदर फोटो आहे, कुणी केलाय हो? मी मान पुढे केली आणि स्टूल फ्रेमपाशी ओढलं.

माळ माझी होती. गळा मोकळा असलेल्या प्रत्येक बाईला मी तीच दोन पदरी माळ घालायचो, ब्रशनं, वरच्या पदरात एक मणी जरा मोठा. ती माळ मी कुठंही ओळखली असती. आणि तो चेहराही ओळखला. गुळगुळीत, उजळ, हनुवटी एकदम स्वच्छ. ती हनुवटी मी साफ केली होती. तिच्यावर गोंदण होतं.

तो आपला बोलत होता. या माळेवरून त्याचं त्याच्या चुलतीशी दोन वर्षं बोलणं बंद होतं, आईची माळ तिनंच दाबली असा त्याचा पक्का समज. मग हनुवटीवर बोट ठेवून कौतुकानं म्हणाला, "आमच्याकडं तिच्या वयाच्या समद्या बाया गोंदलेल्या हायेत. माझी आईच तेवढी कोरी. गोंदणारी आली तवा पळाली असंल. मीबी लय पळपुटा, तिच्यावरच गेलोय." बापाला त्यानं लहानपणी विचारलं होतं म्हणे, आईला गोंदण कसं नाही. बापानं उत्तर दिलं नाही, पुढे बापही गेला. मग यानं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं, ती पळाली. एवढ्या एका गोष्टीवर त्यानं अख्खी आई उभी केली होती, हट्टी, धीट, पायांना वारा लागलेली.

शुक्रवारची वेळ ठरली. मी जिना उतरलो आणि कॉलेज रोडवरून नुसता चालत सुटलो. गंगापूर रोडला लागलो, परत फिरलो, एका टपरीवर चहा सांगितला आणि न पिताच निघालो.

तीन दिवस मी घरात कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही. बायकोनं विचारलं, काय झालंय? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, काही नाही तर पंख्याचं बटण दहा वेळा का चालू-बंद करताय? काय सांगणार होतो तिला? मला त्या बाईचा नवरा आठवत होता. फोटो न्यायला आला होता, चप्पल दुकानाच्या बाहेर काढून. चांगला करून द्या, एवढंच तो पहिल्यांदा म्हणाला होता. गोंदण काढा असं अजिबात म्हणाला नव्हता. ते माझ्या मनानं. माझ्या उस्तादानं शिकवलं होतं, चेहऱ्यावरचा काळा ठिपका म्हणजे घाण, आणि मी आदिवासी बायकांची गोंदणं देवीच्या व्रणांसारखी साफ करत आलो होतो. एकीची नाही, कितीतरी जणींची. त्या नवऱ्यानं फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला, आणि काचेवरून हनुवटीवर अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मी विचारलं, धूळ आहे का? आणि फडकं दिलं. त्यानं फडकं घेतलं, काच पुसली, फडकं परत दिलं आणि गेला. शहरातल्या दुकानदाराला तो काय बोलणार? माझ्या आईच्या हातावर गोंदण होतं. ती म्हणायची, मेल्यावर अंगावरचं सगळं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं. हे सगळं माहीत असून मी तो उद्योग करत होतो. लाज वाटली. चाळीस वर्षांनी वाटली, पण वाटली.

गप्प बसावं, असंही वाटत होतं. पोरगा खूष आहे, आई पळाली म्हणतो, म्हणू दे. आपण तोंड उघडलं तर त्याच्या हातात काय राहणार? पण मग डोळ्यांसमोर ती मुलगी यायची, एकेक रेघ तपासून घेणारी, आणि तिच्या त्या हातांनी माझं खोटं एका माणसाच्या छातीत कायमचं टोचलं जाणार. शुक्रवारी जायचंच नाही असं ठरवलं आणि अर्धा तास आधीच जाऊन जिन्यात उभा राहिलो.

आत गेलो तेव्हा तो उघड्या अंगानं खुर्चीवर आडवा होता. छातीवर स्टेन्सिल उतरवून झालं होतं, म्हणजे सुई लावण्याआधी कातडीवर उमटवतात तो जांभळा आराखडा. कोऱ्या हनुवटीची आई, गळ्यात दोन पदरी माळ. मुलीनं सवयीनं मला विचारलं, काका, जुळतंय का?

मी म्हणालो, "फोटोशी जुळतंय. बाईशी जुळत नाही."

मग सगळं सांगून टाकलं. भडाभडा, मागचं पुढे, पुढचं मागे. माळ मीच रंगवली हे ऐकून तो आधी हसला, मग त्यानं मान फिरवली. चुलतीला आपण काय काय बोललो ते त्याला आठवत असावं. गोंदणाचं सांगितलं तेव्हा मात्र तो उठून बसला. मला वाटलं आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"कसं व्हतं?" त्यानं विचारलं.

हनुवटीवर होतं, म्हटलं. एवढं नक्की.

"आन् किती? कसं?"

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. तीन दिवस मी तेच उकरत होतो. नवऱ्याचा अंगठा आठवत होता, फडकं आठवत होतं, गोंदण आठवत नव्हतं. घाण म्हणून जे बघितलं ते नीट बघितलंच नव्हतं मी. त्यानं टेबलावरचं कागद-पेन माझ्यापुढे ठेवलं. माझा हात जन्मभराच्या सवयीनं चालला. त्रिकोणात तीन ठिपके, नेटके, बाईच्या हनुवटीला शोभतील असे. त्यानं कागद उचलला आणि त्याचे डोळे भरून आले. इथंच थांबलो असतो तर कुणाला कधी कळलं नसतं.

मुलगी माझ्याकडे बघत होती. "नक्की ना, काका?"

मी कागद त्याच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, नाही. हे मी आत्ता बनवलं.

"मग कशाला सांगितलं?" तो ओरडला नाही, पण आवाज फाटला होता. "व्हती ती बरी व्हती माझी आई. तीबी घेतली आन् दुसरी बी देत नाय तुम्ही."

मी स्टुलावरून उठलो, पुन्हा बसलो. हातांचं काय करावं कळेना. मुलगी मात्र फोटोकडे एकटक बघत होती. तिनं मला विचारलं की खरवडायचात ते निगेटिव्हवर की कागदावर. म्हटलं, कागदावर. ह्याच कागदावर? ह्याच. तिनं त्या माणसाची परवानगी मागितली. तो भिंतीकडे तोंड करून हो म्हणाला. मग तिनं पकडीनं फ्रेमचे खिळे एकेक करून काढले, काच बाजूला केली आणि फोटो कामाच्या दिव्याखाली धरला. काही नाही, गुळगुळीत हनुवटी. मग तिनं फोटो तिरपा केला. इतका तिरपा की उजेड कागदावरून सरपटत गेला.

अख्खा कागद चकाकत होता आणि हनुवटीवर चकाकी नव्हती. ब्लेडनं थर काढला होता तिथं कागद मेलेला होता, आणि जेवढं काळं तेवढंच मी काढलं होतं. चार ठिपके चौकटीत. पाचवा त्यांच्या मधला असायला हवा होता, तो मध्ये नव्हता. खाली, उजवीकडे, जबड्याच्या दिशेनं ओढल्यासारखा, शेपूट असलेला. आता मला तो आठवला. याला जरा जास्त वेळ लागतोय म्हणून मी वैतागलो होतो.

मुलीनं भिंग लावून तो पाचवा ठिपका बघितला. रोज कातडीत सुई घालणारी ती. तिला जे दिसलं ते मला सात जन्मांत दिसलं नसतं.

"ही हललीये," ती म्हणाली. "सुई आत असताना हनुवटी मागे ओढलीये हिनं. चार घेतले आणि पाचव्याला उठली."

त्यानं फोटो तिच्या हातातून घेतला. स्वतःच तिरपा केला, सरळ केला, पुन्हा तिरपा केला.

"पळाली म्हंजे," तो म्हणाला. "शेवटाला पळालीच."

आणि मग तो लहान पोरासारखा रडला. हसत होता आणि रडत होता, मधेच नाक पुसून पुन्हा फोटो दिव्याखाली नेत होता. मुलीनं मास्क खाली केला आणि खिडकी उघडली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

शांत झाल्यावर त्यानं मला विचारलं, अजून काय काय तुमचं आहे यात? मी बोट ठेवत सांगत गेलो. रंग उजळला तो मी. भुवया सारख्या केल्या त्या मी. ओठाच्या कडेला एक रेघ होती, ती काढली. केस थोडे पुढे आणले. तो प्रत्येक वेळी नुसती मान हलवत होता. शेवटी मुलीला म्हणाला, "ताई, चेहरा ऱ्हाऊ द्या. हे पाच काढा. तेवढंच तिचं हाय."

तिनं त्याच्या छातीवरचा जांभळा चेहरा स्पिरिटनं पुसून टाकला. मशीन बाजूला ठेवलं, सुई हातात घेतली आणि फोटो तिरपा धरून बघत बघत पाच ठिपके टोचले. हुबेहूब चेहरे काढणारी ती पोरगी, तिनं त्या वाकड्या पाचव्याला पहिल्या चारांच्या दुप्पट वेळ घेतला. शेपूट जिथं संपतं तिथं सुई अलगद उचलली. मी आठ महिन्यांत तिचं एवढं चांगलं काम बघितलं नव्हतं.

तो शर्टाची बटणं लावत होता तेव्हा मी धीर करून म्हटलं, फोटो माझ्याकडे ठेवा दोन दिवस. ब्रश आहेत अजून माझ्याकडे. गोंदण होतं तिथं परत भरतो, पाचही ठिपके, कुणाला कळणारसुद्धा नाही.

त्यानं काच नीट बसवली, फ्रेम टॉवेलात गुंडाळली, टोकं आत खोचली. त्याच्या आवाजात राग राहिला नव्हता.

"नको काका," तो म्हणाला. "आता तुम्ही तिला हात लावू नका."

तो जिना उतरून गेला. मी स्टुलावर बसून राहिलो, आणि कितीतरी वेळ मला उठावंसं वाटलं नाही.